आधी उंबरा, मग फळा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलले. सांगण्यासारखं त्यात काही नाही. वत्सलाने, म्हणजे माझ्या बायकोने, कडवे वाल भिजवून फडक्यात बांधून मोड आणले होते. दुपारी कोमट पाण्याचं पातेलं मधे घेऊन आम्ही गॅलरीत बसलो. वाल चिमटीत दाबला की साल हातात राहते आणि दाणा सुळकन निसटतो, कधी वाटीत पडतो, कधी शेजाऱ्याच्या दारात. दोघांचं काम आहे ते. पण वत्सूचा एकच हात वालात होता. दुसऱ्या हाताचा ओला अंगठा डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर फिरत होता. "अहो, ऐकलंत का, तिकडे परत बाँब पडले." परत अंगठा फिरला. "अहो, हा बघा पूल कसा कोसळला." कुठला पूल, कुठल्या देशातला, तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी उठलो, फोन उचलला, लुंगीला पुसला आणि आत जाऊन तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसून वर झाकण लावलं.

"कुठे ठेवलात?"

"भाताला तांदूळ काढशील तेव्हा सापडेल."

"म्हातारपणी पोरकट झालात तुम्ही. आणि नीताचा फोन आला म्हणजे?"

"तांदूळ वाजेल. ऐकू येईल."

ती हसली. हाताला साली चिकटलेल्या, म्हणून मनगटाने पदर तोंडावर घेऊन हसली. मग दोन्ही हातांनी वाल सोलू लागली. कोणाच्या सुनेने खोबरं न घालता वालाचं बिरडं केलं आणि ते कसं पांचट झालं, हे तिने मला सावकाश, नकला करून सांगितलं. त्या वेळात जगात काय झालं ते मला माहीत नाही, तिलाही कळलं नाही. शेवटी शेवटी मी तिला दिलं ते एवढंच, आणि ते थोडं होतं असं मला वाटत नाही.

त्याच संध्याकाळी ती गेली. ते पुढे येईल. लोक मला सांगतात, काका, आता बातमी अशीच कळते, जग बदललं. बदललं असेल. पण बातमी म्हणजे काय आणि ती माणसाला कशी द्यायची, हे मी याच चाळीत शिकलोय, ओठ फोडून घेऊन शिकलोय. ते विसरायला मी तयार नाही. म्हणून आधी ते लिहितो. चौथीपर्यंतची शाळा आहे माझी, चुकलंमाकलं असेल तिथे तुम्ही सुधारून वाचा.

मी गावाहून मुंबईत आलो तेव्हा ओठावर लव फुटत होती. परळच्या या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या गाववाल्यांची खोली होती. सगळे गिरणीतले बाप्ये. खोलीत जेवढी माणसं राहत तेवढी कधी एका वेळी झोपलेली मी पाहिली नाहीत, कारण जागाच नव्हती. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या ऊबेवर तिसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना पिशव्या, आणि प्रत्येकाला आपली पिशवी वासावरून ओळखता यायची. सकाळी नळावर बायकांची भांडणं, बादल्यांचा खणखणाट, खाली दुधाच्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या, आणि या सगळ्यावरून गिरणीचा भोंगा. आता गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आहे, त्याला आवाजच नाही. लिफ्ट वर जाते, खाली येते, बस.

आमचं जेवण त्याच मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत, काशीकाकूंच्या खानावळीत. काकूंचा नवरा बोटीवर खलाशी. दीड-दोन वर्षांनी एकदा यायचा, साबणाचा वास घेऊन यायचा, पोरीला फुलांची टिनची पेटी वगैरे आणायचा आणि परत जायचा. घर काकू आणि पोरगी चालवायच्या. दुपारी भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला की आमच्या खोलीतले झोपलेले आपोआप कूस बदलायचे. सुकटाचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि कुळथाची पिठी. वार बदलायचा, पिठी बदलायची नाही. वाढायला ती पोरगी यायची, वत्सला. मी खाली मान घालून जेवणारा. ती ताटात मीठ टाकताना म्हणायची, "मीठ खाल्लंस ना रे दत्ता, आता बोल काहीतरी. देवाने तोंड काय गिळायलाच दिलंय?" बाकीचे हसायचे. मी आणखी एक भाकरी मागायचो. दुसरं बोलण्यासारखं मला सुचत नसे.

पेपर सगळ्या मजल्यात मिळून एक यायचा, तो गोविंदतात्यांकडे. तात्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, आवाज खर्जातला, कपाळावर कायम आठी, पण अक्षर असं की वाचता न येणाराही उभा राहून बघेल. चाळीच्या दारात, वाण्याच्या दुकानाशेजारी, आमच्या मंडळाचा फळा होता. वार्ताफलक म्हणायचे त्याला. तात्या पहाटे पेपर उघडायचे, गॅलरीत दाढ्या करत बसलेल्या बाप्यांना त्यातलं मोठ्याने वाचून दाखवायचे आणि पाळीला जाता जाता फळ्यावर खडूने लिहायचे. दूरच्या देशांचं वर, बारीक अक्षरात. त्याखाली दिल्ली. त्याखाली गिरण्यांचं. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरात, 'उद्या नळाला पाणी उशिरा.' लोक वाचायला खालून सुरुवात करायचे.

एकदा खोलीतला एकजण तात्यांना म्हणाला, "तात्या, एवढा मोठा पेपर, आणि तुम्ही चार ओळी लिहिता. मंडळाच्या खर्चाने मोठा फळा करू या की."

तात्या म्हणाले, "फळा मोठा होईल रे. चाळ तेवढीच राहील. एवढ्या चाळीने किती जग उचलायचं?"

आणि संध्याकाळी तात्या परत आले की ओल्या फडक्याने फळा पुसायचे. युद्ध असो, पूर असो, पुसायचे. रात्री फळा काळा. मला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं, की जग रोज संध्याकाळी पुसणारा माणूस आमच्या चाळीत होता आणि आम्ही त्याला चिडका म्हणायचो.

तात्यांचा एक नियम होता, आणि तो त्या फळ्याइतकाच पक्का होता. आधी उंबरा, मग फळा. ज्या बातमीचा चाळीतल्या कोणत्याही घराशी संबंध आहे, मग ती गिरणीतल्या अपघाताची असो की गावाकडच्या मयताची, ती त्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन माणसाने तोंडाने सांगायची. सांगून झालं की उभं राहायचं. रडले तर रडू द्यायचं, विचारलं तर जेवढं ठाऊक तेवढंच बोलायचं. आणि ते घर स्वतः 'लिहा' म्हणेल तेव्हाच ती फळ्यावर घ्यायची. आपल्या घरची आपत्ती कोणी रस्त्यावर उभं राहून, चारचौघांच्या खांद्यांमधून डोकावून वाचू नये, एवढंच त्यामागे होतं.

त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती. तात्या पेपर वाचता वाचता मधेच थांबले. थांबले म्हणजे घडी घालून पेपर मांडीखाली घेतला आणि बाकीच्यांना म्हणाले, "आज काही नाही." मग मला बाजूला नेलं. कोपऱ्यात छोटी बातमी होती. काकूंचा नवरा ज्या बोटीवर होता तिला दूरच्या बंदराजवळ आग लागली होती. काही खलाशी वाचवले, बाकीच्यांचा तपास नाही. नावं नाहीत.

"माझा भोंगा होतोय. तू जा," तात्या म्हणाले.

"मी? मला बोलता येत नाही तात्या."

"म्हणूनच. जास्तीचं बोलणार नाहीस."

मी काकूंच्या दारात गेलो. काकू चुलीपुढे होत्या. "काय रे? उभो कित्याक रवलंस?"

"वत्सला कुठाय?"

"दूध आणूक गेली. कित्याक?"

दोघींना मिळून सांगावं म्हणून मी गॅलरीत वाट बघत उभा राहिलो, आणि तिथून समोरचा नाका दिसला. नाक्यावर पलीकडच्या मंडळाचा फळा होता. त्यांची आमच्याशी चुरस, गणपतीत उंचीची आणि एरवी बातमीची. त्या फळ्यापुढे गर्दी जमली होती. विठू म्हणून त्यांचा एक लिहिणारा होता, तो लाल खडूने ठळक अक्षरं काढत होता. मी एक एक अक्षर लावून वाचतो, आजही. पण ती दोन ओळींची बातमी मी वरून वाचली. बोटीचं नाव, आणि पुढे 'भर समुद्रात भस्मसात, सर्व खलाशी जळून खाक.' पेपरात असं नव्हतंच. विठूने स्वतःच्या मनाची फोडणी दिली होती, लोक थांबावेत म्हणून. आणि दूध केंद्रावरून परत यायची वाट त्याच नाक्यावरून होती.

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. नळाजवळून पळताना पुढे एक भरलेली बादली होती, ती उचलली. मागून सावंतीण ओरडली, "मेल्या, माझी बादली!" ती नवी नवरी होती तेव्हा, पहाटेपासून रांगेत उभी राहून तिने ती भरली होती. मी नाक्यावर गेलो आणि सगळी बादली त्या फळ्यावर ओतली. लाल खडू वाहून खाली आला, विठूच्या पांढऱ्या पायजम्यावर.

पुढे जे व्हायचं ते झालं. माझा सदरा फाटला, ओठ फुटला. विठूने गचांडी धरून विचारलं, "कोणाच्या बापाचा फळा आहे रे हा?"

मी म्हणालो, "फळा तुझा आहे. पण बोट तिच्या बापाची आहे." आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. दोन्ही हातांत दुधाच्या बाटल्या घेऊन वत्सला येत होती.

विठूचा हात सुटला. तो वाईट माणूस नव्हता, घाईत होता. गर्दीने वाट दिली. माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, "काय रे हे? मारामारी केलीस? तुझा ओठ फुटलाय."

"घरी चल."

"का?"

"घरी चल. काकूंसमोर सांगतो."

ती पुढे, मी मागे. जिन्यात एकदा ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "बाबा?" मी म्हणालो, "वर." तिच्या हातातल्या बाटल्या एकमेकींना लागत होत्या, बारीक आवाज येत होता, पण तिने एकही पडू दिली नाही. उंबऱ्यापाशी मी उभा राहिलो आणि सांगितलं. बोटीला आग लागली. काहीजण वाचले. कोण वाचलं ते ठाऊक नाही. याच्यापुढे मला काही माहीत नाही.

काकू पळी हातात तशीच धरून माझ्याकडे वळल्या. "म्हणजे मेलो असां कोणी सांगूक नाय?"

"नाही."

"मगे चुलीवरचा उतरूक नको," काकू म्हणाल्या आणि वळून कालवण ढवळू लागल्या. त्यांची पाठ हलत होती. वत्सूने बाटल्या खाली ठेवल्या, फडकं ओलं केलं आणि माझ्या हातात दिलं, ओठाला लावायला. लग्न झाल्यावर कितीतरी वर्षांनी ती मला म्हणाली, "तुमचं ते थोबाड बघून मला वाटलं, ह्यालाच सावरायला पाहिजे. म्हणून मी रडले नाही."

त्यानंतर तात्या रोज पाळी सुटली की फोर्टात बोट कंपनीच्या कचेरीत जाऊन यायचे. परत आले की काकूंच्या उंबऱ्याबाहेर चपलांसकट उभे राहून सांगायचे, "आज काही कळलं नाही." काही कळलं नाही हे सांगायलासुद्धा यायचे. खानावळ चालू होती. भाकऱ्या थापल्या जात होत्या. आम्ही जेवताना बोलत नव्हतो, पण जेवत होतो. मग एक दिवस तात्या आले आणि त्यांनी चपला बाहेर काढल्या. काकूंना तेवढ्यावरून कळलं.

काकूंनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं, "आता लिहा." तात्यांनी त्या दिवशी फळ्यावर वर देश नाही, खाली नळ नाही, नुसतं एक नाव लिहिलं. समोरच्या नाक्यावर विठूने आपला फळा कोरा ठेवला. आणि संध्याकाळी तात्यांनी ओल्या फडक्याने ते नावही पुसलं. मला राग आला होता तेव्हा. काकू म्हणाल्या, "पुसूक व्हया रे. माका उद्या भाकरी करूची आसा."

सावंतिणीची बादली मात्र राहिली. आमचं लग्न झालं तसं तिने वत्सूला गॅलरीत गाठलं, "तुझ्या घोवाने माझी भरलेली बादली ओतली होती, ती कोण भरून देणार?" वत्सूने दुसऱ्या सकाळी बादली भरून तिच्या दारात नेऊन ठेवली. थट्टा होती ती. पण तिसऱ्या दिवशीही ठेवली. सावंतीण विधवा झाली, म्हातारी झाली, कानाने मंद झाली, पोरगा दूर उपनगरात गेला, वत्सू रोज सकाळी तिची बादली भरत राहिली. सावंतीण रोज म्हणायची, "अजून फिटली नाही हां." आणि वत्सू म्हणायची, "फिटेल हो, घाई काय आहे?"

आता फोनबद्दल. मी फोनला सरसकट शिव्या घालणार नाही. आमची मुलगी नीता नवऱ्याबरोबर आखातात आहे, नातवाचा पहिला दात आम्ही त्या फोनवरच पाहिला. वत्सू तो दात चाळीभर दाखवत फिरली होती. पण मग तिकडे युद्ध पेटलं. नीताच्या गावापासून ते लांब होतं. नीता रोज सांगायची, आई, इथे काही नाही, मी आत्ता बाजारातून आले, वांगी आणली. वत्सू 'हो हो' म्हणायची, फोन ठेवायची आणि तोच फोन परत उघडून बसायची. फोन तिला नीताचं ऐकू देत नव्हता. त्याला कळलं होतं की ही बाई घाबरते, मग तो तिला घाबरण्यासारखंच आणून द्यायचा. एक बघितलं की त्याच्याखाली दुसरं. तळ नाहीच. तात्यांच्या फळ्याला खाली लाकडाची चौकट होती. तिथे जग संपायचं आणि वाण्याचं दुकान सुरू व्हायचं.

हसरी बाई होती माझी. लोकांच्या चालीची नक्कल करून चाळीला हसवणारी. तिने नकला सोडल्या. जेवताना घास हातात धरून बसायची. जगात कुठेही पूल पडला की हिच्या पायाखालची फरशी हलायची. मी म्हणायचो, "वत्सू, तुझ्या घरात काय झालंय ते सांग. भात लागला? पाणी गेलं?" ती म्हणायची, "तुम्हाला दगडाचं काळीज आहे." असेल. पण मी एक बघितलं आहे. तेव्हा काकूंच्या त्या कोपऱ्याच्या खोलीवर खरोखर वीज पडली होती आणि ते घर उभं राहिलं. आता आमच्या घराला काहीही झालेलं नव्हतं आणि घर रोज थरथरत होतं.

एक दिवस मी बाजारातून आलो तर ती फोन मांडीवर घेऊन बसलेली. समुद्रात एक बोट जळत होती. काळा धूर, आणि कडेवरून माणसं पाण्यात उड्या टाकत होती. कुठला समुद्र, कधीचं, काही लिहिलेलं नाही. संपलं की आपोआप पुन्हा सुरू होत होतं. तिने ते किती वेळ बघितलं होतं कोण जाणे. मला म्हणाली, "बाबांची अशीच जळली असेल काय हो?"

ज्या पोरीने दोन ओळी वाचू नयेत म्हणून मी मार खाल्ला, तिला म्हातारपणी फोनने तिच्याच मांडीवर बोट जळताना दाखवली. आणि या खेपेला बादली ओतायची कुठे?

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी डॉक्टरांशी वाद घालत नाही. फोनने मारलं असं मी म्हणत नाही. पण तिचं शेवटच्या काळातलं हसू त्याने खाल्लं, हे मी कोणासमोरही म्हणेन. त्या दुपारी मी त्याच्या तोंडातून थोडंसं परत काढलं, तांदळाच्या डब्यात घालून. संध्याकाळी ती वालाच्या साली टाकायला उठली, मोरीपाशी टेकली आणि म्हणाली, "अहो, जरा पाणी द्या." मी पाणी घेऊन वळलो तोवर तिची मान भिंतीला लागली होती.

खालच्या मजल्यावरचा प्रकाश धावत आला. त्याची आई नोकरीला जायची, तो लहानपणी आमच्याकडेच जेवायचा, वत्सूच्या हातचं बिरडं म्हणजे त्याला सण. आता पन्नाशीचा आहे, चाळीचा फोनवरचा ग्रूप तोच चालवतो, नीताही त्यात आहे. त्यानेच टॅक्सी आणली, त्यानेच तिला उचललं. हॉस्पिटलात आत नेलं आणि थोड्या वेळाने एक मुलगी बाहेर येऊन 'सॉरी' म्हणाली. मी बाकावर बसलो. मनात एकच चाललं होतं, नीताला कसं सांगायचं. आधी विचारायचं, तू बसली आहेस ना? जावई घरी आहेत ना? मग सांगायचं. जेवढं ठाऊक तेवढंच. माझा साधा बटणांचा फोन मी खिशातून काढला, आणि तो माझ्या हातातच वाजला.

"बाबा," नीता म्हणाली, "प्रकाशदादाने ग्रूपवर आईचा फोटो का टाकलाय?"

मी बाकावरून उठून उभा राहिलो.

"बाबा, खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलंय. बाबा, बोला ना. मी भाजीच्या दुकानात उभी आहे."

मी म्हणालो, "खरं आहे बाळा." याच्यापेक्षा वाईट तऱ्हेने ते सांगता आलं नसतं. पोरगी परक्या देशात, परक्या माणसांच्या मधे उभी राहून आपल्या आईचं मरण वाचत होती. विठूच्या फळ्यावरही एवढं झालं नव्हतं.

फोन ठेवून मी प्रकाशकडे बघितलं. "कोणाला विचारून टाकलंस?"

"काका, सगळ्यांना कळायला नको? हल्ली असंच कळवतात."

"सगळ्यांना कळलं. पोरीला सांगायचं राहिलं."

त्याचा चेहरा पडला. पण हातातला फोन थरथरत होता, तर त्याने तिकडेही एकदा बघून घेतलं. हात जोडलेले येत होते, फुलं येत होती, रडकी तोंडं येत होती. "बघा काका, किती लोक," तो हळूच म्हणाला. मी बघितलं नाही. माणसं मात्र बाकावर आम्ही दोघंच होतो.

नीताला दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान मिळालं. तोवर वत्सूला हॉस्पिटलातच थंड खोलीत ठेवायचं ठरलं. घरी आलो. शेजारणींनी जेवण आणलं, पडून राहिलं. सोललेले वाल पातेल्यात पाण्यात तसेच होते. तांदळाच्या डब्यातून भुंग्यासारखा आवाज येत होता, थांबून थांबून. मी झाकण उघडलं नाही.

सकाळी नळाला पाणी आलं. मी उठलो, आंघोळ केली, आणि सावंतिणीची बादली भरून गॅलरीच्या टोकाला तिच्या दारात नेली. ती वाट बघत बसली होती.

"आज उशीर? आणि तू कसा आणलास? वत्सू कुठाय? काल संध्याकाळपासून दिसली नाही ती."

मजल्यावर प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि प्रत्येकाला ठाऊक होतं. सावंतिणीकडे फोन नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांनी.

मी उंबऱ्याबाहेर उभा राहून मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, वत्सू काल गेली. संध्याकाळी, मोरीपाशी. त्रास झाला नाही. आज दुपारी नीता येईल, मग नेऊ."

तिने बादलीकडे बघितलं. मग म्हणाली, "दत्ताराम, सुतकातला माणूस दारोदार फिरतो काय?"

"आत येत नाही वहिनी. बादलीही इथेच ठेवतो. नको असेल तर ओतून टाका."

आयुष्यभर सोवळंओवळं पाळलेली बाई. ती सरपटत दारापर्यंत आली, बादलीची कडी दोन्ही हातांनी धरली आणि ती सुतकाची बादली उंबऱ्यावरून आत ओढली. अर्धं पाणी सांडलं. "फिटली हो," म्हणाली, आणि बादलीच्या काठावर कपाळ टेकलं. तिचं होईपर्यंत मी उभा राहिलो.

मग मी पुढच्या दारात गेलो. मग त्याच्या पुढच्या. "काका, वाचलं आम्ही," म्हणत लोक दार उघडायचे. मी म्हणायचो, "वाचलंत ना? आता ऐका." आणि पहिल्यापासून सांगायचो. काहीजण अवघडले. एका नव्या भाडेकरूने फोन पाठीमागे लपवला. एकाने समजावलं, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता? नेण्याची वेळ ग्रूपवर टाकतो की." मी म्हटलं, "टाक हवं तर. पण माझं सांगून होईपर्यंत उभा राहा." उभा राहिला. मजला संपला तसा खाली उतरलो.

प्रकाशच्या दारात त्याची बायको आली. मी म्हटलं, त्याला बोलाव. तो बाहेर आला, डोळे तारवटलेले, हातात फोन. बहुतेक त्याला वाटलं मी भांडायला आलोय.

"काका, कालचं चुकलं माझं. मी डिलीट केलं ते."

"ते राहू दे. मी सांगायला आलोय. प्रकाश, तुझी वत्सूकाकी काल गेली."

त्यानेच तिला उचललं होतं, त्यानेच ते लिहिलं होतं, फोटो त्यानेच शोधला होता. पण त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, त्याने फोन मागे बायकोच्या हातात दिला, आणि तो पन्नाशीचा बाप्या उंबऱ्यावर बसून पोरासारखा रडू लागला. "काकी," म्हणाला, "काकी गं."

मी बाहेर उभा होतो. सुतक होतं, त्याच्या पाठीवर हात ठेवायचा नव्हता. ठेवला. त्याचं रडून झालं, तसा मी वळलो आणि बाजूच्या दाराची कडी वाजवली.